बालहत्या प्रतिबंधक गृह : एका निर्णयाचा सामाजिक इतिहास

पुणे शहरात ज्या गल्ल्यांतून मुख्यत्वे ब्राह्मणवस्ती होती, त्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवरील भिंतींना १८६३ च्या सुमारास एक छापील जाहिरात चिकटवलेली लोकांच्या दृष्टीस पडली. विधवांनी येथे यावे, गुप्तपणे व निर्धास्तपणे बाळंत व्हावे, आणि मूल बरोबर न्यावे की येथेच ठेवून जावे हे ज्याच्या त्याच्या खुषीने ठरवावे, अशा आशयाचा तो मजकूर होता. लावणारे होते जोतीराव फुले. गृह उघडले होते ते त्यांच्या स्वतःच्या आवारात, आणि तेथील बाळंतपणे करणाऱ्या होत्या सावित्रीबाई.

या गृहाचा उल्लेख आपल्याकडील समाजसुधारणेच्या प्रत्येक इतिहासात येतो. बहुधा एका वाक्यात येतो आणि लेखक पुढे सरकतो. फुल्यांच्या कार्याच्या यादीतील ती एक नोंद होऊन बसली आहे. परंतु त्या जाहिरातीतील शेवटचा भाग थोडा थांबून वाचावा असा आहे. नको असताना दिवस गेलेल्या बाईविषयी धर्मशास्त्र बोलत होते, जातपंचायत बोलत होती, सरकारचा कायदा बोलत होता. ते सारे तिच्याविषयी बोलत होते. तिला उद्देशून, ‘तू काय ठरवतेस ते सांग’ असे कोणी म्हटल्याचे त्यापूर्वीच्या आपल्या कागदांत मला तरी आढळलेले नाही. आज मी जो प्रश्न मांडणार आहे तो याच अंगाने. अशी बाई काय ठरवीत असे, कसे ठरवीत असे, आणि तिला ठरवावयास कितपत जागा होती?

अडचण अशी की, या बायकांनी स्वतः लिहून ठेवलेले जवळजवळ काहीच नाही. त्या आपल्याला भेटतात त्या पोलिसांच्या तपासात, न्यायाधीशांच्या निकालात किंवा सुधारकांच्या पत्रांत. म्हणजे सर्व काही होऊन गेल्यानंतर. त्यांचे मन आपल्याला त्यांच्या कृतीवरून मागे मागे जात शोधावे लागते.

त्या दृष्टीने जोतीरावांचे १८८४ च्या डिसेंबरमधील एक पत्रवजा टिपण फार मोलाचे आहे. बेहरामजी मलबारी यांनी त्याच वर्षी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर दोन टिपणे काढून देशभर मते मागविली होती. जोतीरावांनी आपले मत इंग्रजीत लिहून पाठविले. तेव्हा शास्त्रार्थाच्या भानगडीत न पडता त्यांनी सरळ एक हकीगत सांगितली. त्यांचे शाळासोबती सदाशिव बल्लाळ गोवंडे हे इनाम कमिशनात अधिकारी होते. त्यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. बाई चांगल्या घरची, वागणुकीने नेक. शेजारी राहणाऱ्या एका शास्त्रीबुवांची नजर तिच्यावर गेली. प्रथम तिने दाद दिली नाही; शेवटी ती फसली व तिला दिवस गेले. त्या गृहस्थाच्याच सांगण्यावरून तिने गर्भ पाडण्यासाठी नाना विषारी औषधे घेतली. एकाचाही उपयोग झाला नाही. नऊ महिने भरल्यावर तिला मुलगा झाला. तिने त्याला सुरीने मारले आणि प्रेत घरामागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांनी संशयावरून पोलिसांनी तिला धरले. गोवंड्यांनी तिच्या बचावासाठी तीनशे रुपये खर्च केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हे. पण पुण्याच्या सेशन कोर्टाने तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. खटला संपताच जोतीरावांनी गृह उघडले.

न्यायालयासमोर प्रश्न एकाच क्षणाचा होता : सुरी कोणी चालविली? कायद्याच्या दृष्टीने तो योग्यच होता. परंतु इतिहास पाहणाऱ्याने ते नऊ महिने पाहिले पाहिजेत. त्यांत निर्णय एक नाही, चार-पाच आहेत, आणि प्रत्येक निर्णयाने पुढच्याची वाट अरुंद केली आहे. पहिला निर्णय गप्प राहण्याचा. ज्या घरात ती राबत होती त्या घरचा मालक पुढे तिच्यासाठी पदरचे तीनशे रुपये मोजणारा निघाला. पण ही गोष्ट तिला अगोदर कळण्याचा मार्ग नव्हता, आणि कळली असती तरी तिने तोंड उघडले असते असे मला वाटत नाही. दुसरा निर्णय त्या शास्त्रीबुवाच्या सल्ल्याने चालण्याचा. बाहेरून पाहणाऱ्याला यात मूर्खपणा दिसेल. पण गुपित ठाऊक असलेला सबंध जगात दुसरा एकच माणूस असेल, तर भयाच्या वेळी मनुष्य त्याच्याकडेच वळतो, मग त्यानेच आपल्याला खड्ड्यात लोटलेले का असेना. तिसरा निर्णय औषधांचा, आणि एक फसले की दुसरे, असा तो पुनःपुन्हा घेतलेला. पोट दिसू लागण्यापूर्वीचे आठवडे यात निघून गेले असतील. मग लपविणे, आणि लपविणे साधले म्हणून शेवटची ती रात्र एकटीने काढणे. अखेरच्या घटकेला तिच्यापुढे जे दोन मार्ग उरले ते तिने निवडलेले नव्हते, उरलेले होते.

या कृत्याचे कारण देताना जोतीराव एक बारकावा टिपतात. बाईने हे केले ते आपली अब्रू इतर ब्राह्मण विधवांमध्ये जाऊ नये म्हणून, असे ते म्हणतात. समाजात नव्हे, विधवांमध्ये! ज्यांना समाजाने बाजूस टाकले आहे त्यांचाही एक समाज असतो, आणि त्यातली प्रतिष्ठा ही त्या बाईची एकुलती एक मालमत्ता असते. तांबडे आलवण, केशवपन, एकभुक्त राहणे या सर्वांतून जे मिळवायचे ते एवढेच की, ‘ती सोवळी आहे हो’ असे चार जणींनी म्हणावे. तेच गेले तर मागे काय राहते, याचा हिशेब तिने केला असणार.

आता हा हिशेब नुसता मनाचा नव्हता. विधवेच्या पुनर्विवाहास कायद्याची मान्यता १८५६ सालीच मिळाली होती. परंतु त्याच कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क काढून घेतला होता. आणि कायदा झाला म्हणून ब्राह्मणांत पुनर्विवाह होऊ लागले असेही नाही. ज्यांनी केले त्यांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. एकत्र कुटुंबातील विधवेला बहुधा मिळकत नव्हे, अन्नवस्त्र मिळे, आणि त्या अन्नवस्त्राचा हक्क तिच्या चालचलणुकीवर अवलंबून असे. एकदा वारसाने हाती आलेली मिळकत पुढे व्यभिचार घडला तरी विधवेकडून काढून घेता येत नाही, असा निकाल प्रिव्ही कौन्सिलने १८८० साली आसामच्या केरी कोलितानी हिच्या खटल्यात दिला, तेव्हा देशभर जुन्या मताच्या लोकांनी केवढा गहजब केला! त्या गहजबावरूनच कळते की, विधवेचे शील आणि तिचे पोट ही दोन्ही एकाच खुंटीला बांधलेली असावीत अशी समाजाची अपेक्षा होती. स्वयंपाकीण काशीबाईजवळ तर मिळकतही नव्हती. तिचे सोवळेपण हीच तिच्या नोकरीची पात्रता होती.

आणि फौजदारी कायदा? हिंदी दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली, म्हणजे गृह उघडण्याच्या अगदी थोडे आधी. बाईच्या जागी उभे राहून ती वाचून पाहावी. आईचा जीव वाचविण्याखेरीज अन्य कारणाने गर्भ पाडला तर कलम ३१२. आणि तेथे स्पष्टीकरण जोडलेले की, स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही गुन्हेगार. मूल उघड्यावर टाकून दिले तर कलम ३१७. मेलेले मूल गुपचूप पुरून जन्म लपविला तर ३१८. मारले तर ३०२. गुप्ततेकडे जाणारी प्रत्येक वाट अशी एकेका कलमाने अडविलेली. उघडेपणाची वाट मात्र मोकळी होती! अनौरस मुलासाठीही बापाकडून पोटगी मागण्याची तरतूद त्या काळच्या फौजदारी कार्यपद्धतीत होती. पण ती मागावयाची म्हणजे भर कचेरीत उभे राहून शास्त्रीबुवांचे नाव घ्यावयाचे. जी बाई नाव लपविण्यासाठी विष पिते ती हे करील काय? हक्क कागदावर असणे आणि तो मागण्याइतकी माणसाची स्थिती असणे, यांतील अंतर मोजण्याची सवय आपल्या कायदेपंडितांना फार उशिरा लागली. त्यापूर्वीची पेशवाई अधिक दयाळू होती अशी कोणाची समजूत असल्यास तीही काढून टाकावी. ‘बदअंमल’ या सदराखाली घेतलेले दंड पुण्याच्या कोतवालीच्या दप्तरात भरपूर सापडतात.

जोतीरावांच्या त्याच टिपणात गृहाच्या कामाचा एक आकडा आहे, आणि मला तो या सबंध विषयातील सर्वांत बोलका कागद वाटतो. स्थापनेपासून १८८४ पर्यंत पस्तीस गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. मुलांपैकी जिवंत राहिली पाच. तीस गेली, आणि ती गेली याचे कारण, जोतीरावांच्या मते, पोट लपविण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी गर्भातच त्यांना झालेली इजा.

वैद्यकीय दृष्टीने सर्व तीस मृत्यू औषधांच्या माथी मारणे कदाचित बरोबर होणार नाही. त्या काळी तान्ही मुले, विशेषतः आईच्या दुधावाचून वाढणारी, कितीतरी मरत. पण जोतीरावांनी ज्या गोष्टीकडे बोट दाखविले तिचे महत्त्व त्याने कमी होत नाही. या बायका गृहाकडे पहिल्याने आलेल्या नव्हत्या. सर्व उपाय थकल्यावर आल्या होत्या. भिंतीवरची जाहिरात पहिल्या महिन्यातही तेथेच होती. परंतु तिच्यावर विश्वास टाकायचा म्हणजे प्रथम स्वतःशी कबूल करायचे की आपल्याला दिवस गेले आहेत व ते टळणार नाहीत. आणि ज्याच्या घरचे पाणीही पिऊ नये असे लहानपणापासून शिकविले, त्या माळ्याच्या दारात जाऊन उभे राहावयाचे. या दोन पायऱ्या चढावयास बाईला किती महिने लागत असतील याचा अंदाज त्या तीस मृत्यूंवरून करता येतो. एकवीस वर्षांत पस्तीस हा आकडा लहान वाटतो. मला तो लहान वाटत नाही. प्रत्येकीने हा उंबरठा एकटीने ओलांडलेला होता.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे, कारण तो चांगल्या चांगल्या पुस्तकांतून शिरला आहे. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८७४ साली ज्या मुलाला दत्तक घेतले, आणि जो पुढे डॉक्टर यशवंतराव फुले म्हणून प्रसिद्धीस आला, त्याच्या आईचे नावही काशीबाईच सांगतात. ती काळ्या पाण्यावर गेलेली काशीबाई नव्हे. पहिलीचे मूल विहिरीत गेले. दुसरी तिच्यानंतर दहा वर्षांनी आली व तिचे मूल वाढले. मधल्या काळात बदलले ते एवढेच की एक दार उघडे होते. यशवंताने पुढे प्लेगच्या साथीत पुण्याजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालविला, आणि त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या, हे सर्वश्रुत आहे.

ज्या साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेस आरंभ केला, त्याच १८७५ साली पंढरपुरासही एक बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. तेथे मुनसफ असलेले लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे त्याचे प्रवर्तक; पुढे ते प्रार्थनासमाजाच्या देखरेखीखाली चालले. पंढरपूरच का, याचे उत्तर सोपे आहे. विधवेला घराबाहेर पडण्यास समाजाने ठेवलेले एकच निर्विवाद कारण म्हणजे तीर्थयात्रा. ‘सासूबाई, मी विठोबाला जाऊन येते’ म्हटल्यावर कोणी हरकत घेऊ शकत नसे, आणि घरच्यांना खरे ठाऊक असले तरी त्यांनाही ते सोयीचेच होते. चंद्रभागेच्या वाळवंटात सापडणाऱ्या अर्भकांमागे ही सोय होती. लालशंकरांनी त्या सोयीलाच एक घर बांधून दिले. विधवांच्या चालचलणुकीवर व्याख्यान देण्यापेक्षा हे काम पुष्कळ कठीण.

सुरतेकडील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेचा खटला १८८१ साली गाजला. नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल सेशन कोर्टाने तिला फाशीची शिक्षा दिली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली, आणि पुढे आणखी कमी होऊन पाच वर्षांवर. शिक्षा कमी झाली म्हणजे सरकारी मनातही कोठेतरी शंका होती. वृत्तपत्रांना ती नव्हती. पुण्याच्या एका पत्राने या निमित्ताने एकंदर स्त्रीजातीच्या बिघडलेल्या नीतीवर कोरडे ओढले. त्याला उत्तर आले ते कोणा सुधारक पुढाऱ्याचे नव्हे, तर वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे. ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे त्यांचे छोटेखानी पुस्तक पुण्यात १८८२ साली छापले गेले.

ताराबाईंची भाषा घरगुती, तिखट, मधूनमधून शिवराळपणाच्या कडेला जाणारी आहे. ती ज्यांना झोंबली त्यांनी भाषेवरच टीका केली, हे ओघानेच आले. पण त्यांच्या युक्तिवादाचा गाभा अगदी साधा आहे. खटल्यात आरोपी एक, गुन्हा एक, आणि त्या गुन्ह्याला कारण झालेला पुरुष कोठेच नाही, हे कसे? जे दोष तुम्ही बायकांच्या अंगी लावता ते सारे तुमच्या अंगी आहेत की नाहीत, ते एकेक घेऊन पाहू या, असे म्हणून त्या खरोखरच एकेक घेतात. काशीबाईच्या शास्त्रीबुवाचे नाव जोतीरावांच्या टिपणात नाही, आणि विजयालक्ष्मीच्या खटल्याच्या ज्या हकीगती प्रसिद्ध आहेत त्यांतही तो मनुष्य अंधारातच राहतो. जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र हे पुस्तक विस्मृतीत गेले, ते डॉ. स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत. स्वतः ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिले नाही.

सुधारकांच्या या सर्व प्रयत्नांत एक मर्यादा होती, आणि ती सांगितली पाहिजे. गृह होते ते बालहत्येच्या प्रतिबंधासाठी. नावातच मूल पुढे आहे, बाई मागे. दिवस गेल्यानंतर काय करायचे एवढाच प्रश्न होता. नको असता दिवस जाऊच नयेत, हा विचार विसाव्या शतकाचा. तो आपल्याकडे उघडपणे मांडला रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी १९२५ साली प्राध्यापकी गमावली, १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. पुढे १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये बाबासाहेबांच्या पक्षाच्या वतीने रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. सभागृहाने तो फेटाळला. कर्व्यांमुळे एक मोठी गोष्ट घडली : हा प्रश्न विधवेच्या अब्रूतून सुटून विवाहित स्त्रीच्या दाराशी आला.

ती तेथे होतीच, फक्त कोणी पाहिले नव्हते. १९६४ साली भारत सरकारने महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली गर्भपाताच्या कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९६६ अखेर आला. त्यातून जे विधेयक पुढे आले त्याच्या उद्देशपत्रिकेत असे म्हटले होते की, चोरून गर्भपात करवून घेणाऱ्या बहुतेक स्त्रिया विवाहित आहेत व पोट लपविण्याचे त्यांना विशेष कारण नाही. काशीबाई आणि विजयालक्ष्मी यांच्या हकीगती वाचून, लज्जा हेच या निर्णयाचे एकमेव मूळ अशी आपली समजूत झाली असेल, तर येथे ती दुरुस्त करावी लागते. चार मुलांच्या आईला लाज नव्हती. तिला पाचवे पोसण्याची, पुन्हा बाळंतपण सोसण्याची ताकद नव्हती. सुईणीच्या काड्या आणि मुळ्या मात्र दोघींना सारख्याच.

१९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याने आईच्या जिवाबरोबर तिच्या मानसिक आरोग्याचाही विचार धरला. बलात्कारातून राहिलेला गर्भ, आणि विवाहित स्त्रीच्या बाबतीत साधन फसल्यामुळे राहिलेला गर्भ, यांचा मनावर गंभीर आघात होतो असे गृहीत धरले. बाईला मन असते, हे कायद्याच्या पुस्तकात येण्यास १८६२ पासून शंभरावर वर्षे लागली! तरी ‘विवाहित’ हा शब्द तेथे होता, आणि विधवा पुन्हा एकदा बाहेरच राहिली होती. तो शब्द २०२१ च्या दुरुस्तीने गेला. ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला. पाठोपाठ २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, वीस ते चोवीस आठवड्यांच्या मुदतीत अविवाहितेला वगळणे घटनेशी विसंगत आहे, असा निकाल दिला. निर्णय करताना बाईची सभोवतालची परिस्थिती लक्षात घ्यावी, हेही न्यायालयाने सांगितले. मात्र मूळ कलम नाहीसे झालेले नाही. दंडसंहितेच्या जागी २०२४ च्या जुलैपासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३१२ चे ८८ झाले आहे, आणि स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरविणारे ते स्पष्टीकरणही त्याच्याबरोबर आले आहे. म्हणजे १९७१ चा कायदा आजही अपवाद आहे, नियम जुनाच.

२०२१ च्या त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम घातलेले आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. गर्भपात करवून घेणाऱ्या स्त्रीचे नाव डॉक्टरने कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीवाचून कोणासही सांगता कामा नये; सांगितल्यास एक वर्षापर्यंत कैद. पुण्याच्या भिंतीवरील जाहिरातीत हे आश्वासन १८६३ साली होते. तेथे शिक्षेची धमकी नव्हती. खाली फक्त घराचा पत्ता होता.